हॅम रेडिओ: माळ्यावरच्या पेटीपासून पहिल्या ‘सीक्यू’पर्यंत

२०२१ च्या दिवाळीत उमरग्याला गेले होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. जमिनीचे जुने कागद बघायचे होते. कागदांच्या खाली एक तपकिरी पुस्तिका निघाली. आत पोस्टाची तिकिटं चिकटवलेली आणि प्रत्येकावर गोल शिक्का. ते आमच्या रेडिओचं लायसन्स होतं. घरात रेडिओ ऐकायलाही एकेकाळी सरकारचा परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि शिक्का मारून आणायचा. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. अण्णांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

पुस्तिका चाळताना ते सहज म्हणाले, “तुला ते झाडाला तार बांधणारे आठवतात का गं?”

आठवतात म्हणजे काय! ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. मी अकरा वर्षांची होते. आमचं घर राहिलं, पण सास्तूरकडची माझ्या आत्याची माणसं कुठे आहेत ते कळायला मार्ग नव्हता. फोन बंद होते. त्यानंतरच्या दिवसांत शाळेच्या मैदानावर एक माणूस आला. मोटारीची बॅटरी, एक लहानसा डबा आणि तारेचं भेंडोळं एवढंच सामान. त्याने लिंबाच्या झाडावर तार चढवली, खाली सतरंजीवर बसला आणि माइकमध्ये नावं वाचायला लागला. गाव, नाव, वय, जखमी की बरा. प्रत्येक नाव दोनदा. समोरून कोणीतरी तीच नावं परत म्हणून दाखवायचं. नावांचा कागद वाऱ्याने उडत होता म्हणून त्याने मला तो दोन्ही हातांनी धरून बसायला सांगितलं. मी तासभर तो कागद धरून बसले. त्या यादीत आत्याच्या थोरल्या मुलाचं नाव होतं, सोलापूरच्या दवाखान्यात. ते आम्हाला तिथेच कळलं.

तो माणूस हॅम होता हे मला पुढे कितीतरी वर्षांनी समजलं. हॅम म्हणजे हौसेखातर, परीक्षा देऊन, सरकारी परवान्यावर स्वतःचं वायरलेस केंद्र चालवणारी माणसं. लातूरच्या वेळी ती धावून आली, २००१ च्या भूकंपात भूजलाही गेली. पेटी उघडली त्या रात्री उमरग्याच्या गच्चीवर बसून ठरवलं की हे लायसन्स मी काढणार. मी कॉमर्सची, पुण्यात एका खासगी कंपनीत हिशेब बघते. दहावीनंतर फिजिक्सला हात लावलेला नव्हता. पोटात गोळा आलाच होता. मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून झालं तसं सगळं इथे लिहिते आहे.

अभ्यास

पहिली गोष्ट कळली ती अशी: परीक्षेच्या दोन पायऱ्या आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची लिपी, येणं सक्तीचं, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने पाठवायचं आणि घ्यायचंही. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही, फक्त लेखी. त्यात आवाजाने बोलण्याची परवानगी मिळते आणि लघुलहरींवर ५० वॉटपर्यंत शक्ती वापरता येते. माझ्यासारखीला ते भरपूर होतं. वयाची अट खालच्या बाजूने आहे, बारा वर्षं पूर्ण हवीत. वरची मर्यादा नाही.

लेखीचे दोन भाग. एकात रेडिओचं तंत्र आणि दुसऱ्यात नियम. प्रत्येकी ५० गुण, वेळ एक तास. प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के पडले की पास. पुण्यातली काही जुनी हॅम मंडळी रविवारी संध्याकाळी ऑनलाइन शिकवतात असं कळलं. जानेवारी २०२२ पासून मी तिथे बसायला लागले. फी काही नव्हती. त्यातल्या एका निवृत्त काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “ताई, आधी नियम वाचा. नियमांत गुण पक्के असतात, तंत्राची भीती हळूहळू जाते.” हा सल्ला मी जशाचा तसा पुढे देते.

नियमांचा भाग मला मनापासून आवडला. हिशेबाच्या माणसाला आवडणारच. काय बोलायचं नाही याचीच मोठी यादी आहे. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी वाजवायची नाहीत, सांकेतिक भाषेत गुप्त निरोप द्यायचे नाहीत. परवाना नसलेल्या माणसाशी बोलायचं नाही. आणि प्रत्येक संभाषणाची नोंद वहीत ठेवायची: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याचं कॉलसाइन म्हणजे केंद्राचं ओळखनाव, आवाज कसा आला. क्यू-कोड, म्हणजे ‘क्यू’ने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत, पाठ करावे लागतात. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या केंद्राचा अडथळा, क्यूआरएन म्हणजे निसर्गाची खरखर, क्यूएसएल म्हणजे पोच मिळाली. ए, बी, सी ही अक्षरं स्पष्ट कळावीत म्हणून वापरायचं अल्फा, ब्राव्हो, चार्लीही पाठ हवंच. मी भाजी निवडताना शेजारणींची नावं अल्फा-ब्राव्होत म्हणायचे.

तंत्राने मात्र रडवलं. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचायचे असतात, आणि प्रत्येक रंगाला एक आकडा. काळा ०, तपकिरी १, लाल २, केशरी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. चार दिवस डोक्यात बसेना. मग रांगोळीच्या रंगांचे डबे काढले आणि झाकणांवर स्केचपेनने आकडे लिहून ते ओट्यावर ओळीने मांडले. मुलगा तेव्हा आठवीत होता. तो येता-जाता दोन डबे उचलायचा आणि विचारायचा, “किती?” तिसऱ्या दिवशी आलं.

सगळ्यात गोडी लागली ती लहरी कशा जातात या धड्याची. जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीपर्यंत आयनोस्फिअरचे, म्हणजे विद्युतभारित हवेचे, थर असतात. लघुलहरी त्यांच्यावरून वळून परत जमिनीवर येतात. दिवसा खालचा ‘डी’ थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो, रात्री तो विरतो आणि त्याच लहरी हजारो किलोमीटर जातात. लहानपणी अण्णांच्या रेडिओवर रात्रीच परदेशी केंद्रं का लागायची, ते मला चाळिशीत समजलं. त्या रात्री मी अण्णांना फोन करून हा सगळा धडा सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

अर्ज

५ मार्च २०२२ ला ‘सरल संचार’ या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर खातं उघडलं आणि परीक्षेचा अर्ज भरला. फी १०० रुपये. फोटो, सही, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा जोडायचा. हे सगळं आधीच स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. मी भरता-भरता शोधत बसले आणि दोनदा पहिल्यापासून करावं लागलं.

सतरा तारखेला त्रुटी निघाल्याचा मेल आला. जन्मतारखेसाठी मी दहावीचं सर्टिफिकेट जोडलं होतं, त्यावर माहेरचं नाव. आधारवर सासरचं. दोन्ही एकाच बाईची आहेत याचा कागद कुठेच नव्हता. चूक माझीच होती, पण वाचून डोळ्यांत पाणी आलं हे खरं. एवढ्या उमेदीने भरलेला अर्ज परत आला, आणि तोही नावावरून. मग विवाह नोंदणीचा दाखला काढला. घरात सापडत नव्हता, त्यामुळे नक्कल मागवण्यात दहा दिवस गेले. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर दोन्ही नावं माझीच असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, नोटरी धरून चारशे रुपये. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही जोडून परत पाठवलं आणि ते मान्य झालं. लग्नानंतर नाव बदललेल्या प्रत्येकीला माझं कळकळीचं सांगणं आहे, हे दोन कागद पहिल्या दिवशीच जोडा. महिना वाचेल.

त्यानंतर काहीच हालचाल नाही. एप्रिल गेला, मे गेला. रोज रात्री पोर्टल उघडून ‘प्रक्रियेत’ एवढंच वाचायचं. अभ्यास मात्र सोडला नाही, कारण तारीख कळते ती आठ-दहा दिवस आधीच, असं वर्गातल्या सगळ्यांनी बजावलं होतं. तसंच झालं. १४ जूनला मेल आला: परीक्षा २३ जूनला, गुरुवारी, मुंबईत बोरिवलीला.

परीक्षा

पहाटेच्या गाडीवर भरवसा ठेवायचा नाही म्हणून आदल्या रात्रीच बहिणीकडे डोंबिवलीला मुक्काम केला. सकाळी दादरला उतरून पश्चिम रेल्वेची गाडी पकडली. पाऊस होता. बोरिवलीहून रिक्षा करून वेळेच्या पाऊण तास आधी पोचले. आम्ही नऊ जण होतो. दोन इंजिनिअरिंगची मुलं, एक मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले गृहस्थ, वडिलांबरोबर आलेला एक चौदा वर्षांचा मुलगा, आणि बाईमाणूस मी एकटीच. त्या मुलाच्या हातात स्वतः काढलेल्या सर्किटची वही होती. बाहेरच्या बाकावर त्याने मला कपॅसिटर जोडणीचा हिशेब समजावून दिला. मला तो उलटाच पाठ झाला होता, आणि त्यावर प्रश्न आलाच. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

अर्ज आणि ओळखपत्र तपासून आत घेतलं. ओळखपत्र मूळ लागतं, झेरॉक्स चालत नाही. तास कसा गेला ते कळलं नाही. नियमांचा भाग पंचवीस मिनिटांत झाला, तंत्रातले चार प्रश्न मी सोडून पुढे गेले आणि शेवटी परत आले. एक प्रश्न तरंगलांबीचा होता. तीनशेला मेगाहर्ट्झने भागलं की मीटरमध्ये लांबी मिळते, एवढं सूत्र येत असेल तर असे दोन-तीन प्रश्न हातचे मिळतात. बाहेर आल्यावर तिथल्या एका कर्मचाऱ्यांनी आपणहून सांगितलं की निकाल पोर्टलवर दिसेल, फोन करत बसू नका. बोलणं साधं होतं, पण हलकं वाटलं.

निकाल ११ ऑगस्टला लागला. राखीपौर्णिमा होती, घरात पाहुणे होते. मी मोबाइल घेऊन न्हाणीघरात गेले आणि तिथे बघितला. पास. बाहेर येऊन पाहुण्यांना वाढलं, आणि सगळे गेल्यावर अण्णांना फोन केला. ते म्हणाले, “मग आता तार कधी बांधणार?”

परवाना

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. परीक्षा पास झालात म्हणजे बोलायची परवानगी मिळाली असं नाही. परीक्षेचं प्रमाणपत्र वेगळं आणि केंद्र चालवायचं लायसन्स वेगळं. त्यासाठी त्याच पोर्टलवर पुन्हा अर्ज करायचा. वीस वर्षांसाठी १,००० रुपये आणि आजीवन हवं असेल तर २,०००. मी वीस वर्षांचं घेतलं, कारण पुढे मोर्स शिकून जनरलची परीक्षा द्यायची आहे. पैसे भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवर ऑनलाइन भरले आणि पावतीची प्रत जपून ठेवली. ती दोनदा लागली.

अर्ज ६ सप्टेंबर २०२२ ला केला. लायसन्स आलं १४ फेब्रुवारी २०२३ ला. मधे एकदा ओळखपत्राची स्पष्ट प्रत मागितली. ती त्याच दिवशी दिली. बाकी पाच महिने नुसती वाट. मी दर पंधरा दिवसांनी एक नम्र मेल पाठवायचे, अर्ज क्रमांक आणि तारीख घालून, दोन ओळींचा. त्याने काम लवकर झालं की नाही ते सांगता येणार नाही, पण मला धीर राहायचा.

या काळात एक मोह होतो, त्याबद्दल स्पष्ट लिहिते. तेव्हा ऑनलाइन दुकानांत दोन-तीन हजारांत वॉकी-टॉकी मिळायचे आणि घेऊन ठेवावासा वाटायचा. घेऊ नका. तेव्हा लागू असलेल्या १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याप्रमाणे प्रक्षेपण करणारं यंत्र परवान्याशिवाय नुसतं बाळगणं हाही गुन्हा होता. ऐकायला मात्र काही अडचण नाही. मी ते पाच महिने ऐकलं. इंटरनेटवर चालणारे रिसीव्हर असतात. घरबसल्या सकाळी ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवले की भारतभरची मंडळी बोलताना ऐकू येतात. एक म्हैसूरचे, एक इंदूरचे, एक कोझिकोडचे. रोज त्याच वेळेला येऊन एकमेकांची खुशाली, हवा आणि आवाज किती स्वच्छ येतोय एवढंच विचारायचे. ऐकून-ऐकून बोलण्याची रीत अंगवळणी पडली. कधी थांबायचं, दोघांच्या मधे जागा कशी सोडायची, आपलं कॉलसाइन कधी म्हणायचं. पुस्तकात हे नसतं.

लायसन्सवर माझं कॉलसाइन होतं. व्हीयू३ आणि पुढे तीन अक्षरं. त्यावरून पत्ता निघतो, म्हणून ती अक्षरं इथे देत नाही. रिस्ट्रिक्टेडवाल्यांना व्हीयू३ मिळतं, जनरलवाल्यांना व्हीयू२. ते पूर्ण कॉलसाइन जगात दुसऱ्या कोणाचं नाही. लग्नानंतर नाव बदललं, पत्ते बदलले, पण हे नाव मी स्वतः मिळवलेलं होतं. मी ते स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हणून बघितलं. अल्फा-ब्राव्होच्या चालीत, तीनदा.

सोसायटी

सेट एका निवृत्त हॅमकडून जुना घेतला, ३४,००० रुपयांना. त्यांनी माझ्या लायसन्सची प्रत ठेवून घेतली आणि विकल्याचं पत्र सही करून दिलं. असं पत्र मागून घ्या. सेटला १३.८ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो, तो साडेचार हजारांचा. बाकी कोॲक्सियल केबल, तांब्याची तार, नायलॉन दोरी, जोडण्या मिळून तीन हजार. अँटेना सेटशी किती जुळते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर वर्गातल्या काकांनी वापरायला दिला. हा खर्च मी वर्षभर वेगळे टाकलेल्या पैशांतून केला. सुरुवातीलाच एवढं लागतं असं नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांनी आखलेला बिटएक्स नावाचा सेट कितीतरी जणांनी घरी सोल्डर करून बनवला आहे, आणि त्याची शक्ती कमी असली तरी माणसं त्यावर देशभर बोलतात.

अँटेनासाठी गच्ची हवी आणि गच्ची सोसायटीची. आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं. मी सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला, सोबत लायसन्सची प्रत. कमिटीच्या बैठकीत तीन शंका निघाल्या. टीव्हीत मुंग्या येतील का, वीज पडेल का, आणि हा टॉवर आहे का. शेवटची शंका हीच खरी अडचण होती, कारण मोबाइल टॉवरवरून आमच्याकडे आधी भांडणं झाली होती. मी तारेचा एक तुकडा सोबत नेला होता, तो टेबलावर ठेवला. एवढीच तार, ही कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी, म्हटलं. पन्नास वॉट म्हणजे ट्यूबलाइटपेक्षा फारशी जास्त शक्ती नाही आणि मी दिवसातून अर्धा तास बोलणार. विजांच्या दिवसांत तार खाली घेईन आणि केबल सेटपासून काढून ठेवीन, हे लिहून दिलं. तरी दोघं जण राजी नव्हते. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “कोयनेच्या वेळी मी चिपळूणला होते. चार दिवस माहेरी निरोप पोचला नव्हता. बांधू दे तिला.” त्या १९६७ च्या भूकंपाबद्दल बोलत होत्या. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. गच्चीच्या किल्लीची दुसरी प्रत मला मिळाली.

तार

पाडवा २२ मार्चला होता. गुढी उतरवली तेव्हा ती वेळूची काठी हातात घेऊन मला वाटलं, याच्याहून चांगला खांब कुठे मिळणार. अण्णांना विचारलं, चालेल का. ते म्हणाले, “गुढीची काठी उंच राहावी म्हणूनच असते.” रविवारी, २६ तारखेला, मी, नवरा आणि मुलगा सकाळी सातला गच्चीवर गेलो.

साधा डायपोल, म्हणजे दोन सारख्या तारांची अँटेना, बांधला. हिशेब असा: १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं. ७.१ साठी साधारण २०.१ मीटर येतात, म्हणजे मधल्या जोडणीपासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. तार मुद्दाम जास्त घ्यायची, मी १०.४ मीटरच्या दोन घेतल्या. मधोमध केबल सोल्डर केली, एका तारेला आतला गाभा आणि दुसरीला बाहेरची जाळी. जोडावर पाणी जाऊ नये म्हणून टेप गुंडाळून वर मेण लावलं. टोकांना पीव्हीसी पाइपचे बोटभर तुकडे अडकवले, त्यांच्यातून नायलॉन दोरी. मध्य गुढीच्या काठीवर, आणि काठी पाण्याच्या टाकीच्या शिडीला तीन ठिकाणी करकचून बांधलेली. दोन्ही टोकं उतरत जाऊन कठड्याजवळ, उलट्या व्हीसारखी. टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत अशी बांधावीत, बोलताना तिथे व्होल्टेज बरंच असतं.

मीटरवर पहिला आकडा आला २.८. एकाच्या जवळ हवा. तार लांब आहे हे कळत होतं. काकांनी फोनवर सांगितलं, कापू नका, टोक मागे दुमडून तारेवरच पिळा, म्हणजे चुकलं तर परत सोडता येतं. दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर दुमडले. २.१. मुलगा पूर्वेच्या टोकाला, नवरा पश्चिमेच्या, मी खाली घरात मीटरपाशी. फोनवर “अजून पाच” असं चाललेलं. १.७. ऊन चढत होतं. चौथ्या वेळेला काटा १.३ वर स्थिर झाला. खालून मी ओरडले ते गच्चीवर फोनशिवाय ऐकू गेलं म्हणे.

त्या दिवशी बोलले नाही. हात थरथरत होते आणि मला ते तसं करायचं नव्हतं. पुढच्या रविवारी, २ एप्रिलला, अंघोळ करून, वही उघडून बसले. वहीत वेळ जागतिक लिहिण्याची रीत आहे, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. आधी दहा मिनिटं ऐकलं, जागा मोकळी आहे का ते विचारलं, आणि मग माइकची कळ दाबली. सीक्यू, सीक्यू, सीक्यू. म्हणजे कोणीही असाल तर या. कळ सोडली. नुसती खरखर. परत. खरखर. चौथ्या वेळी खालून, खूप खोलातून, एक म्हातारा आवाज आला आणि त्याने माझी तीन अक्षरं म्हटली. दुसऱ्या कोणीतरी म्हटलेलं माझं कॉलसाइन मी पहिल्यांदा ऐकत होते.

ते विजापूरचे होते. कानडी वळणाच्या हिंदीत त्यांनी सांगितलं, आवाज पाच-सात येतोय. म्हणजे शब्द पूर्ण कळतात आणि जोर नऊपैकी सात. मी ठिकाण सांगितलं, सेट सांगितला आणि हे माझं पहिलंच बोलणं आहे हेही सांगितलं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, मग सावकाश बोला, मला कुठे जायचं नाहीये. सहा मिनिटं बोललो. शेवटी ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. वहीत पहिली ओळ लिहिली: ०३:५२, ७.११०. पंधरा दिवसांनी त्यांचं क्यूएसएल कार्ड पोस्टाने आलं, गोल घुमटाच्या चित्राचं, मागे निळ्या शाईत तारीख आणि वेळ.

आता राहिलं अण्णांचं. नियमाप्रमाणे मी त्यांच्याशी रेडिओवर बोलू शकत नाही, त्यांच्याकडे परवाना नाही. पण ऐकायला त्यांना कोण अडवणार. त्यांचा तीन बँडचा रेडिओ अजून चालतो. मी फोनवर सांगितलं, ४१ मीटरच्या पट्ट्यात, सातच्या आकड्याच्या जरा पुढे, रविवारी सकाळी साडेनऊला. हेही सांगितलं की आम्ही सिंगल साइडबँड या वेगळ्या प्रक्षेपण पद्धतीने बोलतो, साध्या रेडिओवर ते नीट लागत नाही. तरी त्यांनी एरियलला तांब्याची तार जोडली आणि अंगणातल्या तगरीपर्यंत ताणली.

त्या रविवारी मी विजापूरच्या काकांशीच बोलले, नेहमीसारखं, हवा आणि आंबे. संपल्यावर अण्णांचा फोन आला.

“एक शब्द कळाला नाही बघ,” ते म्हणाले. “बदक बोलल्यागत. पण तूच होतीस. शाळेत कविता म्हणताना दुसऱ्या ओळीच्या आधी थांबायचीस ना, तशीच थांबत होतीस.”

मला काही बोलता आलं नाही.

“समोरच्याचा आवाज बारीक आला,” ते पुढे म्हणाले. “तार अजून वर घेतो. आणि तुझ्या आईला सांगितलंय, त्या तारेवर कपडे वाळत घालू नको म्हणून.”